रोकड म्हणजे नफा नव्हे

छोट्या दुकानदारीत वर्षअखेरच्या समायोजनांना काही अर्थ नाही, हे मत पेढ्यांवरून आणि व्यापारी मंडळांच्या बैठकींतून आजकाल इतक्या निःशंकपणे मांडले जाते, आणि ते मांडणारे गृहस्थ बहुधा वयाने वडील, व्यवहाराने सचोटीचे व अनुभवाने पक्के असे असतात, की तरुण व्यापाऱ्याने ते ऐकून प्रमाण मानावे यात नवल नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गल्ला जुळला, बँकेची शिल्लक जुळली, उधारीची खाती लागली, म्हणजे वर्षाचा हिशेब पुरा झाला, त्यानंतर घसारा, अदत्त खर्च, पूर्वदत्त खर्च, बुडीत कर्जाची तरतूद आणि शिल्लक मालाचे मूल्यांकन या नावांखाली ज्या नोंदी होतात, त्यांनी गल्ल्यात एक रुपया वाढत नाही की घटत नाही, ती हिशेबनिसांची कागदी करामत आहे, आणि यंदा काही राहून गेले तर ते पुढल्या साली आपोआप फिटते. याला अलीकडे आणखी दोन मुद्द्यांची जोड मिळाली आहे. एक असा की, कायद्यानेच लहान व्यापाऱ्याचा नफा टक्केवारीने मानून घेतल्यावर बारीक हिशेबाची तसदी कशाला. आणि दुसरा असा की, संगणकात वह्या आल्यापासून हे सारे यंत्रच करते.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम पूर्णपणे मांडावे आणि मगच त्यास उत्तर द्यावे, हा आपल्याकडील वादाचा जुना शिरस्ता आहे, म्हणून ते येथे काटछाट न करता दिले. एका तालुक्याच्या बाजारपेठेत कापडाच्या आणि भुसाराच्या पेढ्यांचे जमाखर्च लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि वर उल्लेखिलेले मत किती घरांना किती महागात पडले हे मी जवळून पाहिले आहे. या मतातील एकही विधान तपासणीस टिकत नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम मूळ प्रश्नाकडे वळू. व्यापार हा अखंड चालणारा व्यवहार आहे आणि वर्ष ही त्यावर माणसाने ओढलेली रेघ आहे. ३१ मार्चच्या मध्यरात्री दुकानातील नोकराचा पगार चढायचा थांबत नाही, कर्जावरील व्याज थांबत नाही, ट्रकमधून येणारी गाठ रस्त्यात थांबत नाही, आणि गिऱ्हाइकाची उधारी त्या रात्री वसूलही होत नाही. रोजकीर्द पैसा हाताळला गेला त्या दिवसाची साक्ष देते. तो पैसा कोणत्या वर्षाच्या कामाचा, हे ती सांगत नाही आणि तिने सांगावे अशी अपेक्षाही नाही. ते सांगण्याचे काम वर्षअखेरच्या नोंदींचे आहे. या वर्षाचे ते या वर्षात आणि पुढच्या वर्षाचे ते पुढच्या वर्षात ठेवणे, एवढाच समायोजनेचा अर्थ आहे. आणि ज्याला एका वर्षाचा नफा सांगायचा आहे, त्याला हे केल्यावाचून तो सांगताच येणार नाही, मग दुकान लहान असो की मोठे.

हा विचार परदेशातून आलेला आहे आणि आपल्या मातीला परका आहे, असेही काहीजण म्हणतात. द्विनोंदी पद्धतीचे छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केले हे खरे. परंतु उत्पन्न ज्या वर्षाचे त्या वर्षाला लावावे, ही दृष्टी आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ३५४ अहोरात्रांचे कर्मसंवत्सर सांगितले असून ते आषाढी पौर्णिमेस संपते, आणि आयाची विभागणी करताना चालू वर्षाचा तो वर्तमान व मागल्या वर्षाचा राहिलेला तो पर्युषित, असा स्वच्छ भेद तेथे केला आहे. ताळेबंद, तेरीज, झाडती, रुजुवात हे शब्द आपल्या पेढ्यांवर रुळले ते मराठेशाहीच्या दफ्तरांतून; आणि ज्या फडणिसाच्या हुद्द्याचे नाव फर्दनवीस या फारसी शब्दापासून आले, त्याची कामगिरीच मुळी हिशेबाची होती. तेव्हा वर्षाचा कड लावण्याची शिस्त आपल्याला नवी नाही. ती आपण विसरत चाललो आहोत.

आणि ती विसरण्याची वेळ आपण नेमकी चुकीची निवडली आहे. पूर्वी आपल्या पुष्कळ व्यापाऱ्यांचे वर्ष लक्ष्मीपूजनाला संपे आणि बलिप्रतिपदेला नव्या वहीचे पहिले पान लिहिले जाई. त्या वेळी कापडवाल्याच्या मांडण्या दिवाळीच्या विक्रीने बऱ्याचशा मोकळ्या झालेल्या असत. माल थोडा, देणी बरीचशी फिटलेली, उधारी ताजी आणि ओळखीची. अशा दिवशी वर्ष संपले तर ढोबळ हिशेबातली चूकसुद्धा लहान राही. सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च असे झाले, तरी व्यापाऱ्याला हिशेबाचे वर्ष आपल्या सोयीने ठेवण्याची मुभा आयकराच्या कायद्यात दीर्घकाळ होती. ती १ एप्रिल १९८९ पासून संपली आणि सर्वांचे वर्ष ३१ मार्चला बांधले गेले. आता ३१ मार्च हा कापडाच्या दुकानात कसला दिवस असतो? गुढीपाडवा मागेपुढे आलेला असतो, लग्नसराई तोंडावर असते, सुरतेच्या आणि इचलकरंजीच्या मालाने दुकानाचा माळा भरलेला असतो, त्या मालाची बिले बहुतांश द्यायची असतात, आणि गेल्या हंगामातील उधारी अर्धीमुर्धी वसूल झालेली असते. सरकारी वर्षाची रेघ व्यापाराच्या हंगामाला मधोमध छेदून जाते. दिवाळीच्या वर्षाला जो ढोबळपणा कदाचित परवडला असता, तो मार्चच्या वर्षाला परवडणारा नाही.

आता प्रतिपक्षाच्या म्हणण्याच्या मुळाशी असलेल्या ‘गल्ल्यातली रोकड हाच नफा’ या मुख्य सिद्धान्ताकडे येऊ. पुरवठादाराचे बिल थकवले की रोकड वाढते. त्याने नफा वाढला काय? हंगामासाठी माल भरला की रोकड घटते. त्याने तोटा झाला काय? पतसंस्थेचे कर्ज घेतले त्या दिवशी गल्ला सर्वांत भरलेला असतो, आणि तरीही तो दिवस कमाईचा नसतो. रोकड ही दुकानाच्या अंगातील रक्तासारखी आहे, तिच्यावाचून क्षणभर चालत नाही हे मान्य. परंतु रक्त वाहते आहे एवढ्यावरून शरीर धष्टपुष्ट आहे असे कोणी वैद्य म्हणणार नाही.

केवळ युक्तिवादाने न थांबता आपण एक उदाहरण कल्पून आकडे मांडू. तालुक्याच्या गावी एक कापड दुकान आहे. वर्षारंभी माल ६,००,००० रुपयांचा, वर्षाची खरेदी २४,००,०००, आवक वाहतूक व हमाली ३०,०००, विक्री २८,००,०००. पगार दिला १,६५,०००, भाडे १,०४,०००, विमा १२,०००, पतसंस्थेचे व्याज २७,०००, वीज २४,०००. अखेरचा माल बिलांच्या भावाने ७,५०,००० रुपयांचा. दुकानदार हिशेब करतो : आरंभीचा माल, खरेदी आणि हमाली मिळून ३०,३०,०००, त्यातून अखेरचा माल वजा जाता विकलेल्या मालाची पडकिंमत २२,८०,०००, ढोबळ नफा ५,२०,०००, खर्च ३,३२,०००, निव्वळ नफा १,८८,०००. तो दरमहा १५,००० रुपये घरखर्चास उचलतो, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. नफ्यातून घर चालले आणि ८,००० रुपये भांडवलात पडले, अशा समाधानाने तो वही मिटतो.

आता तीच वही उघडून एकेक प्रश्न विचारू. मार्चचा पगार १५,००० एप्रिलमध्ये दिला. तो मार्चच्या कामाचा असल्याने या वर्षाचाच खर्च आहे. भाडे तेरा महिन्यांचे दिले गेले आहे. त्यातील एप्रिलचे ८,००० पुढच्या वर्षाचे. विमा १ ऑक्टोबरला एका वर्षासाठी उतरवला, म्हणून निम्मे ६,००० पुढच्या वर्षाचे. कर्ज ३,००,००० रुपयांचे, व्याज १२ टक्क्यांनी वर्षाचे ३६,००० होते. शेवटच्या तिमाहीचे ९,००० देणे राहिले. लाकडी मांडण्या, काउंटर व इतर सामान १,५०,००० रुपयांचे. १० टक्क्यांनी घसारा १५,०००. उधारी ४,००,०००, त्यातील २०,००० रुपयांचा ऋणको गाव सोडून गेला आणि वसुलीची आशा उरली नाही, आणि राहिलेल्या ३,८०,००० वर ५ टक्क्यांनी तरतूद करावी तर १९,०००. मुलीच्या लग्नासाठी दुकानातून ४०,००० रुपयांच्या साड्या घरी गेल्या. ती दुकानाची खरेदी नव्हे, मालकाची उचल आहे. आणि अखेरच्या मालात १,२०,००० रुपयांचा असा जुना माल आहे, जो आज ७०,००० च्या वर कोणी घेणार नाही. म्हणून माल ७,५०,००० नव्हे, ७,००,००० रुपयांचा.

या नोंदी करून पुन्हा मांडले असता ढोबळ नफा ५,१०,००० येतो, खर्च ३,९६,००० होतो, आणि निव्वळ नफा उरतो १,१४,०००. पहिल्या हिशेबाशी तफावत ७४,००० रुपयांची! आणि खरी गोष्ट याहून गंभीर आहे. घरखर्च १,८०,००० आणि साड्या ४०,००० मिळून उचल झाली २,२०,०००, तर कमाई झाली १,१४,०००. ज्या वर्षी भांडवलात ८,००० पडले असे दुकानदाराला वाटले, त्या वर्षी त्याने १,०६,००० रुपयांचे भांडवल खाल्ले. गल्ल्याने त्याला हे सांगितले नाही, कारण पुरवठादारांची बिले थकली होती आणि त्यामुळे गल्ला भरलेला होता. असे तीन-चार वर्षे चालले म्हणजे दुकान ‘अचानक’ बसते आणि लोक बाजाराला, सरकारला, किंवा नशिबाला दोष देतात. वस्तुतः अचानक काहीच झालेले नसते; फक्त कोणी मोजलेले नसते.

या सर्व नोंदींत शिल्लक मालाच्या मूल्यांकनाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, आणि नेमकी तीच नोंद आपल्याकडे सर्वांत अधिक अंदाजाने होते. पाचोलीनेही व्यापाऱ्याला पहिली आज्ञा केली ती मालमत्तेची यादी करण्याची, वही उघडण्याची गोष्ट त्यानंतरची. मालाची मोजदाद म्हणजे मालकाने गादीवर बसून ‘साडेसात लाख लिहा’ असे सांगणे नव्हे. शिडी लावून माळ्यावर चढणे, गठ्ठे सोडणे, ठाण मोजणे, कसर लागलेले नि घडीवर रंग उतरलेले कापड वेगळे काढणे आणि हे सर्व कागदावर सहीनिशी उतरवणे, याचे नाव मोजदाद. त्यानंतर भावाचा प्रश्न येतो, आणि तेथे हिशेबशास्त्राचा नियम स्पष्ट आहे : पडलेली किंमत आणि विक्रीतून निव्वळ मिळण्याजोगी किंमत, या दोहोंत जी कमी ती धरावी. पडलेल्या किमतीत आवक वाहतूक व हमाली येते, मिळालेली सूट वजा होते, आणि ज्या वस्तू व सेवा कराची वजावट घेतली तो कर त्यात येत नाही. हा नियम भित्रेपणाचा आहे असे म्हणणाऱ्याला मी विचारतो की, जो माल तीन दिवाळ्या माळ्यावर राहिला, त्याची किंमत बिलावर अजून तशीच छापलेली आहे एवढ्यावरून ती वसूल होईल काय?

मोजदादीबरोबर सीमेवरच्या मालाचाही विचार करावा लागतो. ३० मार्चला माल दुकानात उतरला, मोजला गेला, पण त्याचे बिल एप्रिलमध्ये वहीत चढले, तर तेवढ्या रकमेने या वर्षाचा नफा फुगतो. उलट बिल वहीत चढले आणि गाठ अजून ट्रकमध्ये आहे, तर तो माल हाती नसला तरी आपला म्हणून धरावाच लागेल. पसंतीसाठी गिऱ्हाइकाच्या घरी दिलेल्या साड्या विक्री नव्हेत. त्या आपल्या शिल्लक मालात यायला हव्यात. मार्चच्या अखेरच्या आठवड्यातील बिले आणि मालाची आवक समोरासमोर ठेवून पाहणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि या अर्ध्या दिवसावर वर्षाच्या नफ्याचा खरेपणा टांगलेला असतो.

उधारीविषयीही हेच. ‘माणूस ओळखीचा आहे, आज ना उद्या देईल,’ हे वाक्य व्यापाऱ्याच्या मनाच्या मोठेपणाचे द्योतक आहे, आणि त्या मोठेपणावरच आपल्या खेड्यापाड्यांचा बाजार उभा आहे, हे मी विसरत नाही. परंतु उधार दिलेल्या मालाच्या किमतीसाठी, मुदत ठरली नसेल तर, माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. १९६३ चा मुदतीचा कायदा ओळखदेख पाहत नाही. ती मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी कबूल असल्याचे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे वर्षअखेरीस प्रत्येक खात्याचे वय पाहणे आणि बाकी कबुलीची सही घेणे, हे कागद काळे करणे नव्हे, आपला हक्क जिवंत ठेवणे आहे. बुडीत रकमेला आयकरात वजावट मिळते ती वहीत ती रक्कम प्रत्यक्ष बुडीत म्हणून लिहिल्यावर. नुसत्या तरतुदीला ती मिळत नाही. यावरून काहीजण म्हणतात की, मग तरतूद कशाला? ती सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. चार लाखांच्या उधारीतून चारही लाख येणार नाहीत हे ज्याला अंतर्यामी ठाऊक आहे, त्याने ते आपल्या वहीपासून लपवू नये.

समायोजना ही करामत आहे, या आक्षेपात एक सत्यांश आहे आणि तो मी आढेवेढे न घेता मान्य करतो. बँकेकडून अधिक पतमर्यादा मिळावी म्हणून शिल्लक माल फुगवून दाखवणारे आहेत, कर वाचावा म्हणून तोच माल दाबून दाखवणारेही आहेत, आणि एकाच दुकानाचे बँकेला दिलेले मालपत्रक व ताळेबंदातील माल यांचा परस्परांशी सुतराम संबंध नाही, असेही मी पाहिले आहे. परंतु खोटे माप ठेवणारे दुकानदार आहेत म्हणून माप ठेवण्याची पद्धतच मोडावी, असा निष्कर्ष कोणी काढील काय? शिवाय हिशेबाची घडणच अशी आहे की, ही लबाडी पुढल्या वर्षी ज्याची त्याला भोवते. यंदाचा अखेरचा माल एक लाखाने फुगवला, तर यंदाचा नफा एक लाखाने वाढतो. परंतु तोच माल पुढच्या वर्षाचा आरंभीचा माल होतो, आणि पुढच्या वर्षाचा नफा तेवढ्याच लाखाने खाली येतो. मग ते झाकून पुन्हा तेवढीच वाढ दाखवायची तर माल पुन्हा फुगवावा लागतो, या खेपेस दोन लाखांनी. सचोटीने केलेली समायोजना हीच या करामतीवरची एकमेव रोक आहे, कारण मोजदादीची सहीची यादी ज्याच्या दफ्तरी आहे, त्याला आकडा बदलताना आपल्याच सहीची लाज वाटते.

याच विवेचनात ‘पुढल्या साली आपोआप फिटते’ या समजुतीचेही उत्तर आले. दोन वर्षांची बेरीज केली तर काही चुका फिटतात, हे खरे. पण माणूस दोन वर्षांच्या बेरजेवर जगत नाही. मुलाच्या शिक्षणाला पैसे काढावेत की नाही, शेजारचा गाळा भाड्याने घ्यावा की नाही, नवा गुमास्ता ठेवावा की नाही, हे निर्णय तो याच वर्षाच्या आकड्यावर करतो. आणि चुकीच्या आकड्यावर केलेला निर्णय पुढल्या वर्षी आकडा फिटला तरी फिरवता येत नाही. शिवाय सर्वच चुका फिटतात असेही नाही. मालकाने घरी नेलेला माल वहीत कधीच उचल म्हणून आला नाही, तर तो दुकानाच्या खर्चात कायमचा मिसळून जातो. आणि अशा मालावर घेतलेली वस्तू व सेवा कराची वजावटही कायद्याने टिकत नाही.

आता कायद्याच्या मुद्द्याकडे. लहान व्यापाऱ्याची उलाढाल २ कोटींच्या आत असेल, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ३ कोटींच्या आत, तर उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढे उत्पन्न मानून कर भरण्याची सोय आयकरात आहे, आणि ती चांगली सोय आहे. परंतु तिने कर ठरतो. नफा ठरत नाही. आपल्या उदाहरणातील दुकानाची विक्री २८,००,००० आहे; तिच्या ८ टक्के म्हणजे २,२४,०००. खरा नफा १,१४,०००. सरकारने मानलेल्या आकड्यावर जो आपला संसार उभारील, त्याला सरकार ती तूट भरून देणार नाही. कायद्याने वह्यांचा आग्रह सोडला तो कर गोळा करण्यापुरता; तुम्ही स्वतःला ओळखण्याचे सोडून द्यावे, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

संगणकाविषयी मला आदर आहे. तेरीज जुळवण्यासाठी रात्र रात्र कंदिलाखाली बसलेल्या पिढीला त्याचे मोल अधिक कळते. परंतु संगणकाला एप्रिलचे भाडे मार्चमध्ये दिले हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, माळ्यावरच्या साडीची कसर त्याला दिसत नाही, आणि गाव सोडून गेलेल्या ऋणकोची बातमी त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेरीज जुळली याचा अर्थ नावे आणि जमा यांची बेरीज सारखी आली, एवढाच. जी नोंद झालीच नाही, तिच्या अभावी तेरीज कधी अडत नाही. म्हणून तेरीज जुळल्यावर काम संपत नाही, तेथून ते सुरू होते.

शेवटी ‘दुकान लहान आहे’ हा आक्षेप राहतो, आणि त्याचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा मी पाहिलेल्या एका घराच्या हकीकतीने देतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोघा भावांचे कापडाचे भागीचे दुकान होते. थोरले भाऊ गल्ला पाहत, धाकटे खरेदी पाहत, आणि वर्षानुवर्षे अखेरचा माल थोरल्यांच्या तोंडच्या आकड्याने लिहिला जाई. उधारीतून एक खातेही कधी बुडीत लिहिले गेले नाही. थोरले वारले. वाटणीला बसल्यावर त्यांच्या मुलाने रोकड आणि जागेचा हक्क घेतला, आणि काकांच्या वाट्याला ताळेबंदाच्या भावाने माल व उधारी आली. माल माळ्यावरून खाली उतरवला तेव्हा त्यातील निम्मा कोणी न घेण्याजोगा निघाला, आणि उधारीतील कित्येक खाती मुदतीबाहेर गेलेली. पुतण्याने काकांना फसवले, असे गावात बोलले गेले. काकांनी पुतण्याचे तोंड पाहणे सोडले. मी त्या वह्या पाहिल्या आहेत. तेथे कोणीही कोणाला फसवले नव्हते. वीस वर्षे न केलेल्या नोंदींनी दोघांना फसवले होते. भागीदारांनी परस्परांना आणि त्यांच्या वारसांना खरा हिशेब द्यावा, असे १९३२ चा भागीदारीचा कायदा सांगतो. त्या दोन भावांत अविश्वास नव्हता, म्हणून त्यांनी हिशेब केला नाही; आणि हिशेब केला नाही म्हणून पुढच्या पिढीत विश्वास राहिला नाही.

मोठ्या कंपनीला ७४,००० रुपयांची चूक पचते, तिच्याजवळ पगारी लेखापाल असतात आणि लेखापरीक्षक असतात. चूक पचत नाही ती लहान दुकानाला, कारण त्याचे भांडवल आणि त्याचा संसार एकाच गल्ल्यातून चालतो, आणि मधली भिंत म्हणून उभी राहील अशी वस्तू वर्षअखेरच्या या आठ-दहा नोंदींशिवाय दुसरी नाही. दुकान लहान आहे म्हणून हिशेब ढोबळ चालेल, हे विधान म्हणूनच उलटे वाचले पाहिजे.

तेव्हा माझी व्यापारी बंधूंना हात जोडून विनंती एवढीच आहे. येत्या ३१ मार्चला दुकान संध्याकाळी दोन तास लवकर बंद करा. शिडी लावून माळ्यावर स्वतः चढा. माल मोजा आणि ज्याला जी किंमत येईल तीच लिहा. उधारीचे एकेक खाते वाचून ज्याची आशा संपली ते बुडीत लिहा आणि ज्याची आशा आहे त्याच्याकडून बाकी कबुलीची सही घ्या. दिलेले पण पुढचे, आणि देण्याचे पण याच वर्षाचे, असे खर्च वेगळे काढा. घरी नेलेले ते घरचे म्हणून मांडा. मग जो आकडा येईल तो मोठा असो की लहान, तोच तुमच्या वर्षाच्या कष्टाचा खरा आकडा आहे, आणि मुलाबाळांच्या हाती वही देताना तोच दिला पाहिजे.